मन्मथअप्पा आणि तापट स्वर्गरथ

लातूर शहरात माझा मोबाइल नंबर सगळ्यात ठळक अक्षरांत जिथं लिहिलेला होता, ती जागा म्हणजे एका शववाहिकेची पाठ. माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बरं व्हावं म्हणून मी सकाळी शटर उघडायचं आणि ते बरं नाही झालं तर घरच्यांनी मलाच फोन करायचा, अशी एकूण सोय होती. शववाहिका आमच्या व्यापारी मंडळींच्या सेवा समितीची आणि त्या समितीत मी सहचिटणीस. फोन उचलण्याची कला अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांनाही अवगत नव्हती, म्हणून ते खातं माझ्याकडं आलं. फोन आला की मी दुकानाच्या पायरीवर यायचो आणि समोरच्या पत्र्याच्या शेडकडं बघून हाक मारायचो, "अप्पा!"

शेडमधून आवाज यायचा, "कोण गेलं?"

हे मन्मथअप्पा. साठी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर गाडी पुसायचं फडकं. ते फडकं ते घाम पुसायलाही वापरायचे, त्यामुळं गाडी आणि अप्पा यांचा वास एकच होता. सगळी हयात त्यांनी डाळ मिलच्या ट्रकवर काढली. लातूरची तूरडाळ हैदराबादला आणि हैदराबादच्या शिव्या लातूरला, असा दुतर्फा माल त्यांनी वाहिला. बायको वारली, मुलगी औशाला दिलेली, घरात बोलायला भिंती. एक दिवस ते समितीच्या बैठकीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला ती गाडी चालवायला द्या. पगार नको." समितीला दोन्ही वाक्यं आवडली. दुसरं जरा जास्त.

गाडीचाही थोडा परिचय करून द्यायला हवा. आमचे अध्यक्ष नागनाथशेठ भांड्यांचे मोठे व्यापारी. त्यांच्या दुकानाच्या पराती आणि पातेली वर्षानुवर्षं वाहून ही गाडी जेव्हा पार थकली, तेव्हा शेठना आपल्या स्वर्गवासी वडिलांची आठवण झाली. गाडीला पांढरा रंग दिला, 'स्वर्गरथ' असं नाव दिलं आणि दोन्ही बाजूंना वडिलांचं चित्र काढून घेतलं. पेंटरला जो फोटो दिला होता तो कुणाच्या तरी लग्नातला होता. त्यामुळं मयताच्या घरासमोर गाडी थांबली की आधी गुलाबी गालांचे, फेटा बांधलेले, मनापासून हसणारे वडील दिसायचे. पुष्कळ घरांतली रडारड त्या चित्रापाशी येऊन क्षणभर थांबत असे.

अप्पांचा एक नेम होता. गेलेल्या माणसाशी ते अतिशय अदबीनं बोलायचे आणि जिवंत माणसांचा मुलाहिजा ठेवायचे नाहीत. मागचं दार लावताना म्हणायचे, "मामा, निघतो बरं का." वाटेत गतिरोधक आला की मान मागं वळवून सांगायचे, "आजी, ब्रेकर हाय, सांभाळा." शेजारी बसलेल्यांना मात्र कधी सूचना नाही. त्यांचं डोकं टपाला आपटलं तरी अप्पांची नजर रस्त्यावर.

एकदा दोन भावांचं वाजलं. आई गेलेली, आणि पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून थोरला आणि धाकटा गाडीसमोर उभं राहून एकमेकांचा हिशोब काढत होते. गल्ली ऐकत होती. अप्पांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून ओट्यावर बसले.

"काय झालं, अप्पा?" थोरल्यानं विचारलं.

"काही न्हाई. तुमचं निवांत होऊ द्या. आजीला घाई न्हाई. तुमचं हेच ऐकून ऐकून तर तिनं डोळे मिटलेत."

दोघंही मागं जाऊन आईशेजारी बसले. पुढची सीट स्मशानापर्यंत रिकामी गेली.

असा सगळा कारभार सुरळीत चाललेला असताना दिवाळीनंतर गाडी तापायला लागली. बॉनेटखाली एक प्लास्टिकची बाटली असते, तिच्यात हिरवं पाणी असतं आणि ते पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवतं, एवढं ज्ञान मला अप्पांमुळंच झालं. ते पाणी कमी होत होतं. सकाळी भरावं, एखादी फेरी करावी, की संध्याकाळी बाटली अर्धी. ज्या गावात नळाला पाणी येणं ही फोन करून नातेवाइकांना कळवायची बातमी असते, त्या गावात ही गाडी एखाद्या कुटुंबाएवढं पाणी पिऊ लागली. शेजारच्या बायका अप्पांच्या हातातल्या कॅनकडं जळजळीत नजरेनं बघायच्या.

समितीची बैठक भरली. आमच्या समितीत गाडी कुणालाच चालवता येत नव्हती, त्यामुळं मतं पुष्कळ होती. एक म्हणाले, अप्पा जोरात पळवतात. दुसरे म्हणाले, पूर्वी पातेली वाहायची तेव्हा तापत नव्हती, म्हणजे दोष पातेल्यांचा नाही. तिसऱ्यांचा वास्तुशास्त्राचा अभ्यास होता. ते डोळे मिटून म्हणाले, "शेडमध्ये गाडीचं तोंड दक्षिणेला आहे. तापणारच."

"मग फिरवून लावतो की," अप्पा म्हणाले. "स्वर्ग नेमका कोणत्या बाजूला हाय तेवढं समितीनं ठरवून द्यावं. मी तिकडं तोंड करून लावतो."

नागनाथशेठ जरा रागावले. "अप्पा, थट्टा पुरे. पाणी जातंय कुठं ते सांगा."

"शेठ, गाडीचं पाणी दोनच वाटंनं जातं. एक तर भाईर, न्हाईतर आत. भाईर गेलं तर खाली डाग पडतो. आत गेलं तर…" अप्पा थांबले. फडक्यानं मान पुसली. "आत कशाला जाईल. भाईरच जायलंय कुठंतरी. बघतो मी."

अप्पांना वाक्य अर्धं सोडायची सवय नव्हती. पण चहा आला, आणि चहापुढं आमच्या समितीत कोणताही मुद्दा टिकत नाही.

त्यानंतर अप्पांचा तपास सुरू झाला. माझ्या दुकानातले खोकल्याच्या औषधाचे रिकामे खोके ते संध्याकाळी उलगडून गाडीखाली अंथरायचे आणि सकाळी बाहेर काढून उन्हात धरायचे. डाग असेल तर गळती तिथून. खोके कोरडे निघायचे. मला दाखवून म्हणायचे, "बगा. तुमचं औषध घेऊन माणसाचा खोकला कोरडा होतो का न्हाई ठाऊक न्हाई, पण गाडी कोरडी हाय." मग त्यांनी ठरवलं, की दोष रेडिएटरच्या टोपणाचा. टोपणाचं रबर सैल झालं की पाण्याची वाफ होऊन उडून जाते. टोपण बदललं. थोडे दिवस बरे गेले. मग ठरलं, पाइप तडकलेत, गरम झाल्यावरच झिरपतात आणि तिथल्या तिथं वाळतात, म्हणून डाग नाही. पाइप बदलले. मग रेडिएटर काढून धुऊन आणला. त्याच्या जाळीतून डाळ मिलच्या वस्तीतला इतका भुसा निघाला, की एखादी शेळी दोन वेळा जेवली असती. प्रत्येक दुरुस्तीनंतर नवं पाणी भरलं जायचं, गाडी काही दिवस शहाण्यासारखी वागायची, समिती स्वतःचं अभिनंदन करायची आणि पुन्हा तापमानाचा काटा लालाकडं जायचा.

एका सकाळी मी दुकान उघडत होतो. गाडी नुकतीच सुरू केलेली, इंजिन अजून थंडगार. रेडिएटरचं टोपण काढून अप्पा आत वाकून बघत होते. मी जवळ गेलो. आतलं पाणी बुडबुड करत होतं. थंड पाण्याला असे बुडबुडे कसे येतात, मला काही कळेना. धुराड्यातून पांढरा धूर निघत होता आणि त्याला काहीसा गोडसर वास होता.

"काय बघायलाव, अप्पा?"

त्यांनी टोपण घाईनं बसवलं. "डाळ शिजली का बघायलोय," म्हणाले आणि फडकं झटकत आत गेले. मी हसलो. अप्पांच्या बोलण्यावर हसायची सवय लागली, की ते काय लपवतायत इकडं लक्ष जात नाही.

उन्हाळा लागला तसा त्यांनी एक नवा उपाय काढला. इंजिन तापायला लागलं की ते गाडीतला हीटर लावायचे. थंडीत जी गरम हवा माणसांसाठी असते, ती त्यांनी लातूरच्या एप्रिलमध्ये सुरू केली. इंजिनाची उष्णता त्या वाटेनं केबिनमध्ये यायची, काटा थोडा खाली उतरायचा आणि बसलेली माणसं भाजून निघायची. तेव्हा आमच्या गल्लीतले एक भावी नगरसेवक प्रत्येक मयतीला पुढच्या सीटवर बसायचा आग्रह धरायचे. औशाला एकांची माती होती. साहेब कडक इस्त्रीचे कपडे घालून बसले. गाव सुटलं नाही तोच म्हणाले, "अप्पा, हे गरम वारं कुठून यायलंय?"

"हीटर लावलाय."

"ह्या उन्हात?"

"इंजिनाला ताप हाय. थोडा त्याचा, थोडा आपला. तुम्ही जनतेचं दुःख वाटून घेताव न्हव का? तसंच हे."

औशाला साहेब उतरले तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, डोळे लालभडक, नाक वाहतंय. घरातल्या बायका म्हणाल्या, "किती मनाला लावून घेतलंय बगा ह्या माणसानं." फोटो फार छान आला. साहेबांनी तो मोठा करून कार्यालयात लावला. मात्र आमच्या गाडीत ते पुन्हा बसले नाहीत.

मे महिन्यात मी औषधांच्या कामासाठी नांदेडला गेलो होतो. अप्पाही लातूरहून एका मयताला पोचवायला नांदेडला आलेले. परत सोबतच जाऊ, असं ठरलं. निघायच्या तयारीत असताना माझा फोन वाजला. एक बाई बोलत होत्या. आई दवाखान्यात वारली होती, जळकोटच्या अलीकडच्या एका खेड्यात न्यायचं होतं, भाऊ गावाकडं मातीची तयारी करून बसला होता. आमची गाडी त्यांनी रस्त्यात पाहिली होती, आणि मागचा नंबर लावला होता.

"वाट वाकडी हाय," अप्पा म्हणाले. "पण रिकामं जाण्यापरीस बरं. चला."

बाईंचं नाव सुनंदा. पन्नाशीच्या, नांदेडला शिवणकाम करणाऱ्या. आईपाशी त्या एकट्याच होत्या. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण रडत नव्हत्या. अप्पांनी म्हातारीला आत ठेवलं, पट्टे बांधले आणि नेहमीसारखं वाकून म्हणाले, "आजी, निघतो बरं का. ऊन हाय, पण जाऊ सावकाश."

सुनंदाताई म्हणाल्या, "आईला कमी ऐकू यायचं. मोठ्यानं सांगा."

अप्पांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग आवाज चढवून सगळं पुन्हा सांगितलं.

मी मध्ये, त्या खिडकीशी. कंधारपर्यंत ठीक होतं. पुढं चढ लागला आणि काटा हलला. अप्पांनी हीटर लावला. सुनंदाताईंनी कारण विचारलं नाही. थोडं पुढं जाऊन बाभळीखाली गाडी थांबवली. अप्पांनी गोणपाट भिजवून टोपणावर टाकलं, बराच वेळ थांबले, मग तोंड बाजूला करून टोपण हळूच फिरवलं. वाफ फुसफुसली. कॅनमधलं पाणी आत गेलं. गाडी सुरू झाली तसा मागं पांढऱ्या धुराचा लोट उठला. थोडं अंतर गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा कॅन रिकामे होते, चढ अजून बाकी होता आणि आजूबाजूला नांगरून टाकलेल्या तापल्या रानांशिवाय काही नव्हतं.

सुनंदाताई खाली उतरल्या. "काय झालंय गाडीला?"

"काही न्हाई, ताई. जरा तापलीय. होईल थंड."

"खरं सांगा, अप्पा."

"सांगितलं की. बसा तुम्ही सावलीला."

त्या बसल्या नाहीत. आवाज न चढवता म्हणाल्या, "आई इतके दिवस तिथं पडून होती. रोज विचारलं की हेच. काही न्हाई, होईल बरं. नातेवाइकांनी हेच सांगितलं, भावानं फोनवर हेच सांगितलं. मला दिसत होतं आणि सगळे मला गप करत होते. आता तुम्ही तरी करू नका. काय झालंय?"

मी अप्पांकडं बघितलं. आता काहीतरी टोला येणार, अशी मला खात्री होती. भल्याभल्यांना त्यांनी एका वाक्यात घरी पाठवलेलं मी पाहिलं होतं. पण अप्पांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. मग बॉनेटकडं वळले, इंजिनात तेल ओतायच्या जागेचं झाकण फडक्यानं धरून फिरवलं आणि उलटं करून ताईंसमोर धरलं. काळंभोर तेल असायला हवं, तिथं झाकणाला ताकासारखा पांढरट फेस लागलेला होता.

"हे बगा. तेलात पाणी गेलंय. इंजिनाच्या वरच्या भागात एक पत्र्याची पट्टी असती, तिला ग्यासकिट म्हणतेत. ती फाटलीय. पाणी भाईर न्हाई, आत जायलंय. जळून धूर होऊन जायलंय. म्हणून खाली डाग पडत न्हाई."

"आत्ता कळलं?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "संक्रांतीच्या आधीच कळलं होतं."

डाळ शिजलेली ती सकाळ मला तेव्हा समजली. टोपण, पाइप, रेडिएटर, ते उन्हात धरलेले कोरडे खोके, सगळं नाटक होतं. आम्हाला दाखवायचं आणि बहुधा स्वतःलाही.

"मग सांगितलं का न्हाई?" ताईंनी विचारलं.

"इंजिन खोलायचं म्हणलं की समितीनं गाडी मोडीत काढली असती. जुनी हाय. मग नवी आली असती, तिच्यावर नवा माणूस आला असता." अप्पा झाकणाकडं बघत बोलत होते. "मला घरी बसावं लागलं असतं. घरी कोणी न्हाई, ताई. फोन आला की कुठंतरी माझं काम हाय असं वाटतं. म्हणून रेटत राहिलो."

ताईंनी ऐकून घेतलं. त्यांना दया आली असेल, नसेल. चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी आई रस्त्यावर पडलीय, अप्पा."

अप्पांनी झाकण बसवलं. रस्त्याच्या मधोमध जाऊन हात जोडून उभे राहिले. गाड्या येत होत्या. स्वर्गरथ दिसला की आतली माणसं भक्तिभावानं हात कपाळाला लावायची आणि वेग वाढवायची. दोन-तीन जणांनी तर काच खाली करून नमस्कार केला, म्हणजे धूळ आमच्या अंगावर आणि पुण्य त्यांच्या. शेवटी मंडपाच्या सामानाचा एक टेम्पो थांबला. कुठलंसं लग्न उरकून परत चाललेला. चालवणारा तरुण पोरगा घुटमळला. "आजोबा, उद्या पुन्हा लग्नाचंच भाडं हाय. मालक म्हणंल…"

त्या पोराला एरवी अप्पांनी उभा सोलला असता. ते म्हणाले, "आजी हाय, बाळा. तिला घरी न्यायचंय." बस, एवढंच.

पोरगा खाली उतरला. त्यानं कमानीचे बांबू बाजूला सारले, गाद्या पसरल्या, त्यावर लाल गालिचा अंथरला. आम्ही म्हातारीला उचलून त्यावर ठेवलं. मागं प्लास्टिकच्या फुलांची चौकट, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'. सुनंदाताई ते बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "आईला वरातीची लई हौस होती," म्हणाल्या, आणि मग इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.

गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं, ते काम माझ्याकडं आलं. ताई पुढं बसल्या. अप्पा मागं चढले, मांडी घातली, म्हातारीचं डोकं हलू नये म्हणून मांडीवर घेतलं. टेम्पो निघाला. वळणाशी पोचला तेव्हा अप्पांचा आवाज माझ्यापर्यंत आला. ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "आजी, वळण हाय! सांभाळा!"

मी आणि नागनाथशेठचे हसरे वडील उन्हात बसून राहिलो. दिवस कलायच्या वेळेला अप्पा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. अंघोळ झालेली, केस ओले, भस्म नव्यानं लावलेलं. "झालं नीट," एवढं म्हणाले. मग ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी कंधारला नेली. स्टिअरिंगवर तेच बसले होते, आणि रस्त्यात खड्डा आला की सवयीनं मान मागं वळत होती.

पुढच्या बैठकीत अप्पांनी स्वतःच उभं राहून सगळं सांगितलं. नागनाथशेठ थक्क झाले. "म्हणजे इतके महिने तुम्ही समितीला अंधारात ठेवलं?"

"हाव."

पुढं खुलासा येईल म्हणून सगळे थांबले. खुलासा आला नाही. आमच्या समितीला उत्तरं लांबलचक ऐकायची सवय, त्यामुळं त्या एका शब्दापुढं काय करावं हे कुणाला सुचेना. शेवटी एक उपसमिती नेमली.

गाडी खोलली तेव्हा मिस्त्रीनं जे सांगितलं ते मात्र अप्पांना लागलं. पट्टी तेव्हाच बदलली असती तर गाडी वाचली असती, अजून काही वर्षं आरामात चालली असती. तशीच तापवत पळवल्यामुळं वरचा भाग वाकला होता आणि खालच्यालाही तडा गेला होता. आता त्यात काही राम नव्हता. म्हणजे जी गाडी जाऊ नये म्हणून अप्पांनी तोंड मिटून घेतलं, ती त्यांनीच संपवली होती. हे ऐकताना अप्पा शेडच्या खांबाला टेकून उभे होते. मिस्त्री गेल्यावर मला म्हणाले, "तुम्ही डॉक्टरची चिठ्ठी बघून औषध देताव. मी चिठ्ठी वाचून खिशात ठिवली."



नवी गाडी आली. थंड हवेची, गुळगुळीत दारांची. तिच्यावर या वेळी शेठच्या मातोश्रींचं चित्र आहे आणि त्यांना मात्र पेंटरनं गंभीर ठेवलं आहे. चालक एका एजन्सीचा असतो, रोज वेगळा, सगळे कानांत तारा घातलेले. समितीनं अप्पांचा सत्कार केला. उकाडा सरला नव्हता, तरी शाल घातली. शेठनी त्यांच्या निःस्वार्थ सेवेवर भाषण केलं, त्यात गाडी कशी बंद पडली याचा उल्लेख त्यांनी मोठ्या मनानं टाळला, फक्त दोनदा सूचित केला. अप्पा शाल सावरत म्हणाले, "ताप गाडीला होता, शेठ. मला कशाला पांघरूण घालायलाव?"

पुढं एकदा सुनंदाताईंचा फोन आला होता. त्यांना अप्पांशी बोलायचं होतं. मी फोन नेऊन दिला. अप्पा तो घेऊन रिकाम्या शेडमध्ये गेले आणि बराच वेळ आतच होते. काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. फोन परत देताना स्क्रीन फडक्यानं पुसून दिला. काही आठवड्यांनी घराला कुलूप लावून ते औशाला मुलीकडं राहायला गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. औशाला एका डॉक्टरांकडं काम होतं. दुपारी शाळा सुटलेली. रस्त्याच्या कडेला मुलांनी ठासून भरलेली एक पिवळी गाडी उभी, आणि पुढच्या सीटवर मांडीवर दप्तरांचा ढीग घेऊन मन्मथअप्पा. गाडी जावयाची होती. अप्पांचं काम पोरांना चढवायचं आणि दारापाशी उतरवायचं. मागं चौदा रडारडी, सोळा भांडणं, कुणाची पाण्याची बाटली कुणाच्या डोक्यात.

"काय अप्पा, कसं चाललंय?"

"बेजार केलंय ह्यांनी. सगळ्यांना पुढंच बसायचंय, आणि सगळ्यांना आधी उतरायचंय." तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाशी किंचाळलं. अप्पा गर्रकन वळले आणि ट्रकवरच्या आवाजात ओरडले, "ए, गप बसा रे सगळे!"

पोरं गप्प झाली. एका क्षणात, सगळी. गाडीत इतकी शांतता पसरली की मला बाहेर रस्त्यावर उभं राहूनही ती ऐकू आली. अप्पा तसेच मागं वळून त्या ओळीनं बसलेल्या, न हलणाऱ्या तोंडांकडं बघत राहिले. जावयानं गाडी सुरू केली.

"न्हाई, न्हाई," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "बोला. बोला की रे."